केबलवरून चढणारा उंदीर

निर्मळ गावात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला जात विचारली नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, मासे-मटण खाता का तेही विचारलं नाही. "मोबाइलचा चार्जर कुठला आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी पर्समधून चार्जर काढून दिला. त्यांनी तो भिंतीच्या प्लगमध्ये लावला, खिशातून एक छोटा ट्रान्झिस्टर काढला आणि डॉक्टर छाती तपासतात तसा चार्जरच्या आजूबाजूला फिरवला. ट्रान्झिस्टर करवादायला लागला.

"नापास," ते म्हणाले. "खोली रिकामी आहे. हा मात्र घरात येणार नाही."

खोली मला हवी होती, म्हणून चार्जर त्यांच्या पसंतीचा घेतला. मी मूळची कराडची. आगाशीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच लागले होते आणि हे सांगायची चूक मी पहिल्याच भेटीत केली. "विज्ञान शिकवता आणि असला चार्जर वापरता?" असं म्हणून त्यांनी माझं बारसंच केलं. पुढची चार वर्षं मी त्यांच्यासाठी 'विज्ञानाच्या बाई' होते. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्यांना काका म्हणायचे.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. घराभोवती वडिलोपार्जित वाडी होती. केळी, सोनचाफा, पानवेली, आणि कडेने वीसेक माड. वाडी काकी बघायच्या. काका आकाशाकडे बघायचे. ते हौशी रेडिओवाले होते, हॅम म्हणतात ते. सरकारी परीक्षा देऊन मिळवलेला परवाना त्यांनी फ्रेम करून देवघराच्या शेजारी लावला होता, आणि काकींचं म्हणणं असं की नमस्कार करताना ते जरा त्याच बाजूला वळतात. वाडीतल्या दोन उंच माडांच्या मध्ये त्यांनी तार ताणली होती. तीच त्यांची एरियल. तारेच्या मधोमध एक काळी केबल जोडलेली, टीव्हीची असते तशीच पण अंमळ जाड. ती खाली येऊन कुंपणाकुंपणाने मागच्या, माझ्या खोलीच्या बरोबर खालच्या खोलीत शिरायची. त्या खोलीत बसून ते रोज माणसांशी बोलायचे. मध्ये मोबाइल नाही, इंटरनेट नाही, काही नाही. नुसती हवा.

त्या खोलीत दोन घड्याळं होती. एक आपलं आणि एक जगाचं, साडेपाच तास मागे असलेलं. काका जगाच्या घड्याळाने चालायचे. "गॅसवाला सव्वाचारला येऊन गेला" म्हणाले की आपण समजायचं, पावणेदहाला. सुरुवातीला एकदा माझा सिलिंडर याच घोळात परत गेला. मी चिडले, तर काका शांतपणे म्हणाले, "बाई, पृथ्वी गोल आहे हे तुम्हीच शिकवता ना?"

दुसरी खोड गुण देण्याची. रेडिओवर समोरच्याचा आवाज कसा येतोय ते आकड्यांत सांगतात. स्पष्टपणाला पाचपैकी, जोराला नऊपैकी. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. काका हे गुण सगळ्यालाच द्यायचे. काकींची वालाची आमटी पाच-नऊ. आगाशीची बस चार-सात. माझ्या हातच्या पहिल्या पोळ्यांना तीन-चार मिळाले, आणि ते त्यांनी माझ्यासमोर काकींना सांगितले.

आणि त्यांचा माइक कायम रुमालात गुंडाळलेला असायचा. मी कारण विचारलं.

"चावतो."

"कोण?"

"माइक. बोलताना ओठ टेकला की चावा घेतो. वीस वर्षं झाली. रुमाल बांधला की नाही चावत."

विज्ञान शिकवणाऱ्या बाईने यावर पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. मी नाही विचारला. त्यांनीही वीस वर्षांत तो स्वतःला विचारला नव्हता.

दिवसभरात ते कोणाकोणाशी बोलत, पण सकाळी पावणेसात ही वेळ एकाच माणसाची. धारवाडचे एक गृहस्थ. दोघांची ओळख हवेतच झाली, चाळीस वर्षांपूर्वी. प्रत्यक्ष भेट दोनदा. धारवाडकर आता अंथरुणाला खिळले होते, आणि त्यांच्या उशाशी त्यांचा रेडिओ होता. ही मंडळी रोज बोलायची काय, तर तिकडे धुकं आहे का, इकडे चाफा किती फुलला, कालच्यापेक्षा आवाज बरा येतोय का. मी एकदा म्हटलं, "काका, फोन करा की सरळ."

"फोनवर बोलायला काहीतरी काम लागतं, बाई," ते म्हणाले. "आमचं काहीच काम नसतं."

खरी भानगड सुरू झाली ती माझ्या तोंडामुळे. वाडीच्या कुंपणापलीकडे आळीच्या भजनी मंडळाचं सभागृह आहे. त्या वर्षी मंडळाने नवा ॲम्प्लिफायर घेतला, आणि बाहेरच्या कर्ण्याची वायर नेमकी काकांच्या कुंपणालगत ओढली. कोजागिरी झाली, काकडा सुरू झाला. मी हौसेने पहाटे उठून गेले. आरती रंगात आली होती, आणि एकदम कर्ण्यातून आवाज आला. माणसाचा म्हणावा तर तसा नाही. घशात लाडू अडकलेलं बदक बोलतंय असं काहीतरी. शब्द एक कळेना. टाळ थांबले, पेटीवाले बावचळले, पुढे बसलेली पोरं फिदीफिदी हसायला लागली. मध्येच त्या बदकाने तीन ठेक्यांत हसून दाखवलं. हा, हा, हाहा. ते हसणं मी रोज सकाळी माझ्या खोलीच्या जमिनीतून ऐकत होते.

"अय्या, हे तर आमचे काका!" मी मोठ्याने बोलून गेले.

झालं. आरती बाजूलाच राहिली.

मंडळाचे अध्यक्ष फुलांचे व्यापारी. माणूस भला, पण आवाज असा की त्यांना कर्ण्याची गरजच नव्हती. ते तसेच काकांकडे आले, मागे सगळी आळी. काकांनी आधी परवाना भिंतीवरून काढून आणला.

"माझं यंत्र शुद्ध आहे. दोष तुमच्या ॲम्प्लिफायरमध्ये आहे. नको ते ऐकतो तो."

"देवाच्या आरतीत बदक बोलतंय, आणि दोष आमच्यात?" अध्यक्ष म्हणाले. "हे बघा काका, तुम्ही मोठे आहात. पण आळीचा निर्णय झालाय. तार उतरवा."

काका कायद्याने बरोबर होते. ते अडून बसले असते तर त्यांना हात लावायची कोणाची छाती नव्हती. पण त्यांचा स्वभाव तसा नव्हता. आपला आवाज नको तिथे गेला, ही गोष्ट त्यांना आतून लागली. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "रविवारपर्यंत थांबा. रविवारी काकडा झाला की कर्णा फुल आवाजात चालू ठेवा. मी पावणेसातला बोलायला बसेन. माझा एक शब्द जरी आला ना, तर तार मी स्वतः उतरवीन. पुन्हा लावणार नाही."

काकी आतून बाहेर आल्या. "डोकं फिरलंय यांचं," त्या म्हणाल्या. कोणालाही उद्देशून नाही, नुसत्याच.

तो मंगळवार होता. तार उतरली तर धारवाडचा तो म्हातारा सोमवारपासून कोणाशी बोलणार, आणि आपले काका पावणेसातला काय करणार, हाच विचार रात्रभर. आणि सगळं माझ्या एका 'अय्या'मुळे. सकाळी मी खाली गेले आणि म्हटलं, मी काय करू ते सांगा.

"आधी समजून घ्या," काका म्हणाले. "ही केबल. आत एक तार, बाहेरून जाळी. दोन वाटा. एकीने जातं, दुसरीने परत येतं. बरोबर?"

"बरोबर."

"चूक. वाटा तीन आहेत. माझ्या रेडिओची वीज इतकी चपळ की ती धातूत खोल शिरतच नाही, कातडीवरून धावते. त्यामुळे जाळीची आतली बाजू ही एक वाट आणि बाहेरची बाजू ही वेगळी वाट. वर एरियलपाशी गेल्यावर जाळीतल्या विजेने तारेच्या एका हातात, म्हणजे एका अर्ध्यात, जायचं असतं. पण तिला दिसतं, अरे, ही बाहेरची बाजू मोकळीच आहे. मग थोडी एरियलमध्ये जाते आणि थोडी केबलच्या पाठीवरून खाली घरात येते. कुंपणावरून येता येता यांच्या वायरीत शिरते." मग रुमालातल्या माइककडे बघत हळूच म्हणाले, "आणि मला चावते."

वीस वर्षांनी तो प्रश्न त्यांना पडला होता.

"मग ती अडवायची कशी?"

त्यांनी मला वाडीत नेलं आणि एका माडाच्या बुंध्याला गुंडाळलेल्या पत्र्यावर टिचकी मारली. आमच्याकडे कराडला माड नाहीत, म्हणून मी ते पत्रे आजवर शोभेचे समजत होते. उंदीर माडावर चढून कोवळी शहाळी कुरतडतात. गुळगुळीत पत्र्यावर त्यांचे पाय ठरत नाहीत, म्हणून बुंध्याला पत्रा ठोकतात.

"पत्रा लावला म्हणून माडाच्या आतलं पाणी वर जायचं थांबतं का? नाही. ते आतून जातं. अडतो तो बाहेरून चढणारा उंदीर. आपल्याला केबलला पत्रा लावायचाय. त्याला चोक म्हणतात."

"ट्यूबलाइटला असतो तो?"

"त्याचा चुलतभाऊ," काका म्हणाले. "शाळा सुटली की या, स्कूटर काढतो."

बुधवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या मागे बसून सातिवलीला गेले. तिथे एका गोदामात जुन्या यंत्रांच्या सुट्या भागांचा ढीग होता. त्यातून आम्हाला कडी हवी होती, बांगडीएवढी, फेराइट नावाच्या चुंबकी पदार्थाची. पहिल्याच पोत्यात मला सुंदर पिवळी कडी सापडली आणि मी ओंजळभर घेऊन धावले. काकांनी एकाला वायरीचे वेढे दिले, आपल्या मीटरवर लावलं आणि परत पोत्यात टाकलं. "दोन-एक. हे लोखंडाच्या भुकटीचं. आपल्या कामाचं नाही." मग काळी कडी आली. रंग न दिलेली, कळकट. प्रत्येकाची परीक्षा झाली. गोदामवाला भय्या आधी हसत होता, मग स्वतःच कडी शोधून आणून "काका, ये पास है क्या?" विचारायला लागला. दहा पास झाली.

पाच कडी एकावर एक ठेवून त्यांतून केबलच ओवायची, आतबाहेर, आतबाहेर, अकरा वेढे. मी वेढे धरत होते आणि ते ओढत होते. आतून जाणारी आणि परत येणारी वीज सारखीच, पण उलट दिशांची. त्यामुळे कड्याला तिचा पत्ताच लागत नाही, ती खुशाल जाते. पाठीवरून येणारी मात्र एकटी असते. तिला हे कडं दर वेढ्याला मागे ओढतं. शाळेत चुंबकत्वाचा धडा मी वेगवेगळ्या तुकड्यांना सहा वेळा शिकवला होता. तो मला त्या ओसरीवर, अकराव्या वेढ्याला, समजला.

गुरुवारी नारळ पाडणाऱ्याला बोलावून तार खाली घेतली, केबल जिथे जोडली जाते तिथे चोक बसवला आणि सगळं पुन्हा वर चढवलं. अध्यक्षांनी मोठ्या मनाने दहा मिनिटं ॲम्प्लिफायर लावू दिला. मी सभागृहात उभी राहिले. काका घरातून बोलायला लागले.

कर्ण्यात बदक बोललं. पूर्वीपेक्षा बारीक, पण बोललं.

मी घरी जाऊन सांगितलं. शुक्रवारी सकाळी ते धारवाडकरांशी बोलले ते फक्त दोन मिनिटं. नंतर ओसरीवर बसून माडांकडे बघत राहिले. गणित बरोबर, कडी बरोबर, वेढे बरोबर. मलाच रडू यायला लागलं.

काकी शेजारी खायच्या पानांच्या चळती लावत होत्या. रेडिओतलं त्यांना काही कळत नाही असं त्या अभिमानाने सांगायच्या. पण बुधवारपासून आम्ही दोघं उंदीर आणि पत्रा, उंदीर आणि पत्रा करत होतो, आणि तो विषय त्यांचा होता.

"पत्रा लावलाव," पानांवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "पण बाजूच्या माडाची झावळी टेकली असंल तर? उंदीर पत्र्याला पायपण लावत नय. झावळीवरनं पलीकडे उतरते. दर वर्षी मी झावळ्या छाटून घेते त्या कशाला? तुमाला वाटते, मना हौस हाय?"

काकांनी कपातला चहा तसाच ठेवला. ते उठून अंगणाच्या मधोमध गेले आणि वर बघितलं. मीही बघितलं. तार या माडापासून त्या माडापर्यंत गेलेली, आणि तिच्या मधून निघालेली केबल सरळ खाली न येता तारेच्या अगदी पोटाखालून, तिच्याच दिशेने, अर्धी वाडी ओलांडून मग कुंपणावर उतरत होती. चोक वर होता, पण त्याच्या अलीकडे एवढी लांब केबल एरियलच्या कुशीत लोंबत होती. एरियल जोरात बोलायला लागली की तिथेच वीज पुन्हा केबलच्या पाठीवर उडी मारत होती. पत्र्याला पायही न लावता.

"झावळी," काका पुटपुटले. मग मोठ्याने ओरडले, "झावळी! अगो, पाच-नऊ! पाच-नऊ!"

"आते चहा तं प्या," काकी म्हणाल्या.

शनिवारचा अख्खा दिवस त्यात गेला. केबल वरून सरळ खाली आणली, तारेशी काटकोन करून, कुंपणापासून लांब, केळीच्या रांगेमधून. आणि उरलेल्या पाच कड्यांचा दुसरा चोक, खिडकीतून केबल घरात शिरते तिथे. वर एक, खिडकीशी एक. काम संपेस्तोवर सभागृहाला कुलूप लागलं होतं. चाचणी झालीच नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग उद्या," काका म्हणाले.

रविवारी काकड्याला जेवढी गर्दी झाली तेवढी मंडळाच्या इतिहासात झाली नसेल. जे सूर्य डोक्यावर आल्याशिवाय उठत नाहीत तेही अंघोळ करून हजर. निर्मळच्या पलीकडून सायकली आल्या होत्या. आरती संपली, प्रसाद वाटला, कोणी जागचं हललं नाही. अध्यक्षांनी ॲम्प्लिफायरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. कर्णा घूंऽ करायला लागला. पावणेसात झाले. दीडशे माणसं मान वर करून एका कर्ण्याकडे बघत उभी होती.

घूं.

एक मिनिट गेलं. दोन मिनिटं. अजून नुसतं घूं.

"सुरूच केलं नसंल," कोणीतरी म्हणालं. लगेच दुसऱ्याने, "भ्यायला म्हातारा." ते ऐकून मला असा राग आला की मी पुढे होऊन म्हटलं, "अध्यक्ष, तुम्ही स्वतः जाऊन बघा."

ते निघाले. मीही मागे गेले. मागच्या खोलीची खिडकी उघडी होती. काका बोलत होते. बोलत कसले, गर्जत होते. माइकवर रुमाल नव्हता, तो ओठांना टेकला होता, आणि काका हसत होते, हा, हा, हाहा. अध्यक्षांनी सभागृहाकडे वळून दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "बोलतायत! अरे, कधीचे बोलतायत!"

कर्णा गप्प होता. दीडशे माणसांनी अशी आरोळी ठोकली की माडांवरचे कावळे उडाले. मग ही सगळी गर्दी कुंपणातून, केळीतून, काकींच्या "पानं तुडवू नका रे" या ओरडण्यातून खिडकीशी आली. काकांनी एक बोट ओठांवर ठेवलं.

रेडिओची ती कायमची खरखर, जी मी चार महिने जमिनीतून ऐकत होते, ती जवळजवळ नव्हतीच. कारण केबलच्या पाठीवरून काकांचा आवाज बाहेर जात होता तसा आळीतल्या सगळ्या चार्जरांचा आणि दिव्यांचा गोंगाट त्याच वाटेने आत येत होता. वाट बंद झाली ती दोन्हीकडून. धारवाडकरांचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा येत होता, थकलेला पण स्वच्छ. मध्येच मागून एक बाई कानडीत काहीतरी बोलली आणि कपबशी वाजली.

"त्याची बायको," काका आमच्याकडे बघून म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली."

अध्यक्षांनी नाक ओढलं. त्यांना माइकवर धारवाडकरांना नमस्कार करायचा होता. "परवाना आहे?" काकांनी विचारलं. नव्हता. "मग नाही." एवढ्या विजयातही त्यांनी नियम सोडला नाही. अध्यक्ष क्षणभर हिरमुसले, आणि मग एकदम वळून सभागृहाकडे धावत सुटले. तेवढ्या जड अंगाने त्यांना धावताना मी त्याआधी किंवा नंतर पाहिलेलं नाही.

कर्णा खाकरला, आणि त्यातून, पावणेसातनंतर पहिल्यांदाच, माणसाचा आवाज आला, फुल आवाजात, अख्ख्या निर्मळवर.

"तार राहणार! आळीचा निर्णय आहे, तार राहणार! बोला, पुंडलिक वरदे हारी विठ्ठल!"

अंगणातल्या सगळ्यांनी जोरात साथ दिली. उघड्या खिडकीतून तो सगळा गजर काकांच्या माइकमध्ये शिरला. थोड्या वेळाने रेडिओतून धारवाडकरांचा आवाज आला. ते विचारत होते, हा एवढा मोठा आवाज कसला, तुमच्या स्टेशनवर कोण आलंय?

काकांनी माइकचं बटण दाबलं आणि खिडकीबाहेर आमच्या सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं.

"माझं गाव आलंय," ते म्हणाले.